वाचकस्पर्धा : नियम, परीक्षक आणि सहभाग

वाचकस्पर्धा म्हणजे नियतकालिकाने, ग्रंथालयाने अथवा साहित्यसंस्थेने आपल्या वाचकांना एखादा विषय, कोडे किंवा लेखनप्रकार देऊन ठरावीक मुदतीत त्यांच्याकडून उत्तर वा लेखन मागवणे, ते परीक्षकांकडून तपासून घेणे आणि निकाल जाहीर करून बक्षीस देणे, ही व्यवस्था होय. व्याख्या साधी असली तरी या व्यवस्थेच्या पोटात दोन हेतू नेहमीच एकत्र नांदत आले आहेत : एक अंकाचा खप वाढवण्याचा आणि दुसरा वाचकाला लिहिते करण्याचा. पहिला हेतू गैर नाही, कारण खपाविना कोणतेही मासिक तगत नाही. परंतु जेथे पहिल्याने दुसऱ्याला गिळले, तेथे स्पर्धा उरली आणि वाचक हरवला, असे मराठी नियतकालिकांचा इतिहास सांगतो. म्हणून एखाद्या स्पर्धेचे मोल ठरवताना बक्षिसाची रक्कम विचारण्याऐवजी परीक्षक कोण होते, त्यांच्यापुढे काय ठेवले गेले आणि ज्यांना बक्षीस मिळाले नाही त्यांच्याशी आयोजकांनी कोणता व्यवहार केला, हे विचारणे अधिक योग्य ठरते.

नाशिक जिल्ह्यातील मनमाडसारख्या गावात या प्रश्नाला वेगळे महत्त्व आहे. मुंबई–भुसावळ मार्गावरील या जंक्शनातून एक मार्ग दौंडकडे आणि दुसरा औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) मार्गे मराठवाडा व हैदराबादकडे जातो. मुंबई-पुण्याची मासिके याच गाड्यांनी आतल्या गावांपर्यंत पोहोचत आणि तेथील वाचकांची पत्रे, पोस्टकार्डे व प्रवेशिका याच वाटेने, धावत्या डब्यात टपालाची वर्गवारी होत, परत जात. छापखाने आणि संपादक शहरांत होते, वाचक मात्र रेल्वेच्या रुळांलगत पसरलेला होता, आणि स्पर्धेची प्रवेशिका हे त्या वाचकाला संपादकाच्या टेबलापर्यंत नेणारे स्वस्त साधन होते.

वाचकाने नियतकालिकात लिहावे ही कल्पना मराठीत स्पर्धेच्या आधीची आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. पुढे भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात गोपाळ हरी देशमुख या सरकारी नोकरीतील तरुणाने ‘लोकहितवादी’ या नावाने जी पत्रे लिहिली, त्यांनी मराठी गद्याला आणि सामाजिक विचाराला नवे वळण दिले. बक्षीस नाही, मुदत नाही, परीक्षक नाहीत. केवळ जागा मोकळी होती आणि संपादक छापण्यास तयार होता, एवढ्यावर हे घडले. स्पर्धा भरवणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे, कारण जे नियतकालिक वर्षभर वाचकाला जागा देत नाही, त्याने वर्षातून एकदा स्पर्धा जाहीर केली तरी त्यातून फारसे निष्पन्न होत नाही.

बक्षीस देऊन लेखन घडवण्याची संघटित व्यवस्था दक्षिणा प्राइझ कमिटीपासून सुरू झाली. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दिली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलातही चालू राहिली होती. त्या निधीचा काही भाग मराठी ग्रंथलेखनाच्या उत्तेजनासाठी वळवावा अशी मागणी १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी केली आणि त्यातून ही कमिटी १८५१ मध्ये उभी राहिली. या कमिटीपुढे १८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक ठेवले. एका कुणबी जोडप्याला, त्यातील गरोदर स्त्रीला ग्रहांची भीती घालून, जोशी कसा लुबाडतो आणि शेवटी ते जोडपे शिकण्याच्या निश्चयाप्रत कसे येते, हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले. कमिटीतील युरोपीय सभासदांचा कौल अनुकूल असूनही भट सभासदांमुळे नाटक पसंत झाले नाही, असे फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) नोंदवले आहे. नाटक हस्तलिखितातच राहिले आणि शंभराहून अधिक वर्षांनी छापले गेले. आज आधुनिक मराठी नाटकाच्या इतिहासाची सुरुवात अनेक अभ्यासक याच नाटकापासून करतात. त्या वर्षी ज्या ग्रंथांना बक्षिसे मिळाली असतील, त्यांतील किती आज वाचले जातात, याचा विचार प्रत्येक परीक्षकाने निकालपत्रावर सही करण्यापूर्वी करावा.

या उदाहरणाचा अर्थ काढताना घाई होऊ नये. लेखकाचे नाव झाकले असते तर निकाल बदलला असता काय? बहुधा नसता, कारण नाटकाचा विषयच परीक्षकांच्या एका गटाच्या हितसंबंधांवर आघात करणारा होता. नाव झाकणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. परीक्षक मंडळ एकाच थरातून आलेले असेल, तर प्रवेशिकेवर नाव असो वा नसो, तिची भाषा आणि तिचा राग लेखकाचा पत्ता सांगतोच. म्हणून परीक्षकांची निवड हा स्पर्धेच्या नियमांइतकाच, किंबहुना त्याहून जपून करावयाचा भाग आहे.

नाव झाकल्याने काय साधते, याचे सर्वांत बोलके उदाहरण १९७४ मधले आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली आणि विज्ञानप्रसाराच्या कामाचा भाग म्हणून तिने विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली. विज्ञानकथा म्हणजे वैज्ञानिक तत्त्व हे ज्या कथेच्या घटनांचे कारण असते आणि ते काढून घेतल्यास कथाच कोसळते, अशी कथा. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. जयंत विष्णु नारळीकर यांनी आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे नाव घेतले होते, आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या हातची होती. त्या वेळी नारळीकर हे जगभर मान्यता पावलेले खगोलशास्त्रज्ञ होते, १९६५ मध्येच त्यांना पद्मभूषण मिळाले होते. त्यांच्या नावाने कथा आली असती तर परीक्षक तिच्यापुढे दबले असते. नवख्या कथालेखकाला आपली कथा कथा म्हणून उभी राहते की नाही हे जाणून घ्यायचे होते आणि ते जाणण्याची सोय एका स्पर्धेने करून दिली. पुढे १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा संग्रह आला आणि विज्ञानकथेला मराठी साहित्यात प्रतिष्ठेचे स्थान मिळाले. नाशिक येथे डिसेंबर २०२१ मध्ये भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. प्रकृतीमुळे त्यांना उपस्थित राहता आले नाही, तरी टोपणनावाने पाठवलेल्या एका प्रवेशिकेपासून संमेलनाध्यक्षपदापर्यंतचा हा प्रवास नाशिक जिल्ह्यातील स्पर्धा-आयोजकांनी विसरू नये असा आहे.

नाव झाकण्याची रीत अवघड नाही. प्रवेशिकेच्या कोणत्याही पानावर लेखकाचे नाव नसावे. नाव, पत्ता व कथेचे शीर्षक वेगळ्या बंद पाकिटात असावे. पाकीट आणि प्रवेशिका या दोन्हींवर आयोजकांनी एकच क्रमांक घालावा आणि गुण कायम झाल्यावरच, दोन साक्षीदारांसमोर, पाकिटे फोडावीत. लहान गावात अक्षरही ओळखू येते, तेव्हा हस्तलिखित प्रवेशिका टंकलिखित करून परीक्षकांकडे पाठवण्याचा खर्च आयोजकांनी सोसावा. पोस्टाच्या शिक्क्याची तारीख ग्राह्य की प्रवेशिका पोहोचल्याची, हेही आधीच छापावे, कारण गावोगावच्या वाचकांवर सर्वाधिक अन्याय याच एका अस्पष्टतेमुळे होतो.

स्पर्धेच्या इतिहासाचे दुसरे टोक शब्दकोड्यांच्या बक्षीस योजनांमध्ये दिसते. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत प्रवेशमूल्य घेऊन मोठ्या रोख बक्षिसांची कोडी चालवणारी साप्ताहिके देशभर फोफावली. या कोड्यांतील सूचक वाक्याला दोन-तीन शब्द सारखेच बसत. त्यांतील कोणता ‘बरोबर’ हे आयोजकाने आधी मोहोरबंद करून ठेवलेले असे. वाचक एकच कोडे वेगवेगळ्या शब्दांनी अनेकदा भरून पाठवी आणि दर चौकटीमागे पैसे भरी. तेथे भाषेचे ज्ञान संपून नशिबाचा खेळ सुरू होई. मुंबई सरकारने १९४८ मध्ये कायदा करून अशा योजनांवर परवाना व कर बसवला. केंद्राने १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्यान्वये महिन्याला एकूण १,००० रुपयांहून अधिक बक्षिसे देण्यास आणि २,००० हून अधिक प्रवेशिका घेण्यास मनाई केली. बंगळूरहून ‘स्पोर्टिंग स्टार’ हे साप्ताहिक काढून कोडी चालवणाऱ्या चमारबागवाला यांच्या कंपनीच्या प्रकरणांत ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जी भूमिका घेतली, ती आजही मार्गदर्शक आहे : ज्या स्पर्धेतील यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नसते ती जुगार ठरते, आणि जुगाराला व्यापाराच्या मूलभूत हक्काचे संरक्षण मिळत नाही, कौशल्याच्या स्पर्धांना मात्र केंद्राचा कायदा लागू होत नाही. स्पर्धेत कस कशाचा लागतो, ही न्यायालयाने लावलेली कसोटी संपादकांनीही स्वतःहून लावून पाहण्यासारखी आहे. नशीब तपासणारी स्पर्धा वाचकाला दर आठवड्याला परत आणते, पण पहिल्या दिवशी तो जेवढा वाचक होता त्याहून तिळभरही अधिक वाचक करीत नाही.

थोडक्या खर्चात कौशल्याला आवाहन कसे करता येते, हे ‘चांदोबा’ मासिकाने मुलांना शिकवले. शेजारी शेजारी दोन छायाचित्रे छापली जात आणि परस्परांशी नाते सांगणाऱ्या दोन छोट्या शब्दसमूहांनी त्यांना नावे द्यावी, असे सांगितले जाई. उत्तर पोस्टकार्डावर मावले पाहिजे, एक नाव दुसऱ्याला प्रत्युत्तर वाटले पाहिजे, जमल्यास यमक साधले पाहिजे. निवडलेली नावे, ती पाठवणाऱ्याच्या नावागावासह, नंतरच्या अंकात त्या चित्रांखाली छापून येत. बक्षिसाची रक्कम किरकोळ असे. खरे बक्षीस छापलेले नाव आणि त्याखालचे गावाचे नाव हेच होते. याउलट दूरदर्शनवरील ‘सुरभि’ या कार्यक्रमाला एकेका आठवड्यात लाखो पोस्टकार्डे येऊ लागली, तेव्हा टपाल खात्याने २ रुपयांचे वेगळे स्पर्धा-पोस्टकार्ड काढले, साधे कार्ड १५ पैशांना मिळत असताना. एवढ्या ढिगातून विजेता सोडतीनेच काढावा लागतो आणि बाकी पत्रे न वाचताच राहतात. सहभागाची संख्या वाचनाच्या आवाक्याबाहेर गेली की सहभागाचा अर्थ पातळ होतो, हे मान्य करणे भाग आहे.

‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील, याबाबत कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही’ हा नियम जवळजवळ प्रत्येक स्पर्धेच्या पत्रकात असतो. त्याचा पूर्वार्ध योग्य आहे, उत्तरार्ध घातक आहे. निकालावर वाद नको हे समजते, परंतु लेखनाविषयी संवादच नको म्हणणे म्हणजे पहिल्यांदा लिहिणाऱ्याच्या तोंडावर दार लावणे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या ‘सत्यकथा’ मासिकाच्या संपादकांनी नव्या लेखकांना त्यांच्या कथेतील कच्चे दुवे दाखवणारी सविस्तर पत्रे लिहून जे घडवले, ते कोणत्याही बक्षीस समारंभाने घडवले नसते. प्रत्येक प्रवेशिकेसाठी असे पत्र लिहिणे स्थानिक आयोजकांना झेपणार नाही. परंतु चार ओळींचा परीक्षकांचा अभिप्राय, मग तो पोस्टकार्डावर का असेना, देणे झेपण्यासारखे आहे, आणि जे आयोजक तेवढेही करू शकत नाहीत त्यांनी प्रवेशिकांची संख्या मर्यादित ठेवावी.

सहभागाचा विचार येथे स्पर्धेच्या चौकटीबाहेर जातो. ‘बहिष्कृत भारता’चे अंक काढताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून काढावे लागत होते, कारण ज्या वाचकवर्गासाठी ते पत्र होते त्याला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवण्यात आले होते. त्याच समाजातील रेल्वे कामगारांची परिषद फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला भरली आणि ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचे प्रसिद्ध प्रतिपादन याच गावात झाले. पुढे तीन दशकांनी, मनमाडहून निघणाऱ्या मार्गावरील औरंगाबादेत, गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक चालवले आणि त्याला जोडून लेखक-वाचक मेळावे भरवले. या मेळाव्यांत लेखक व्यासपीठावर आणि वाचक समोर अशी कायमची विभागणी नव्हती. आज ऐकणारा पुढच्या अंकात लिही. ज्या वर्गाचे पत्र संपादकाला एकहाती लिहावे लागले, त्याच वर्गातून एका आयुष्याच्या अवधीत लेखकांची पिढी उभी राहिली, यापेक्षा वाचकसहभागाचा मोठा दाखला मराठीत सापडणार नाही.

मनमाडमध्ये अशा कामाला विषयांची वाण नाही. येथील रेल्वे कारखान्यात पुलांचे गर्डर तयार झाले. मीटरगेज आणि ब्रॉडगेज येथे भेटत होते तोवर एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत माल चढवणाऱ्या हमालांचे जग येथे होते, आणि रुळांची रुंदी बदलताच ते नाहीसे झाले. पाण्यासाठी दिवसचे दिवस वाट पाहणाऱ्या घरांतील स्त्रियांचा अनुभव अद्याप कोणत्याही पुस्तकात पुरेसा आलेला नाही. यांतील पुष्कळ माणसांना लिहिण्याची सवय नाही, म्हणून शाळेतील नातवंडाने ऐकून लिहिलेली प्रवेशिकाही ग्राह्य धरावी आणि तिच्यावर सांगणाऱ्याचे व लिहिणाऱ्याचे, अशी दोन्ही नावे निकालानंतर छापावीत. लेखन प्रमाण मराठीत असो वा अहिराणीत, भाषेसाठी गुण कापू नयेत. परीक्षकांत एक जण कारखान्यातून निवृत्त झालेला असावा, एक स्त्री असावी आणि एक जण बाहेरगावचा असावा. प्रवेशमूल्य घेऊ नये. बक्षीस पुस्तकांच्या रूपाने द्यावे, आणि बक्षीस मिळो वा न मिळो, आलेली प्रत्येक प्रवेशिका क्रमांक घालून, बांधून, गावातील सार्वजनिक वाचनालयात सर्वांना वाचता येईल अशी ठेवावी. हे काम करण्यास छापखाना लागत नाही, अनुदान लागत नाही. हमालीच्या आठवणी सांगू शकणारी माणसे मात्र आता थोडी उरली आहेत, म्हणून गावातील ग्रंथालयांनी आणि शाळांनी येत्या दिवाळीपूर्वीच ही स्पर्धा जाहीर करावी.