नौकाविहाराच्या होडीवरील वीजजोडणी : दोष कसे शोधावेत, सुधारणा कोठे करावी

(जलपर्यटन क्षेत्रातील सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व नौकामालक यांच्या शिबिरात केलेल्या भाषणावरून)



तारकर्ली-देवबागची खाडी असो किंवा कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठचे तापोळा-बामणोली असो, नौकाविहार हा आज अनेक गावांच्या उपजीविकेचा भाग झाला आहे. शाळांच्या सहली येतात, मुले होडीत बसतात. आपण जीवरक्षक जाकिटे मोजतो, माणसे मोजतो आणि ते योग्यच आहे. परंतु बैठकीखालच्या बॅटरीकडे व तेथून निघणाऱ्या तारांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. होडीच्या तळाशी साचलेले पाणी बाहेर टाकणारा पंप आणि अंधारात इतरांना आपले अस्तित्व दाखविणारे दिवे हे दोन्ही त्या तारांवर अवलंबून असतात.

प्रथम एक मूलभूत फरक ध्यानात घ्यावयास हवा. आपला गावचा वायरमन घरातील २३० व्होल्टच्या कामात तरबेज असतो. होडीवर मात्र बहुधा १२ व्होल्टची बॅटरी असते. घरात तारेमध्ये एक व्होल्ट वाया गेला तर कोणाला कळतही नाही. होडीवर तोच एक व्होल्ट म्हणजे एकूण दाबाचा बारावा हिस्सा होय. शिवाय दाब कमी असल्यामुळे तेवढ्याच कामासाठी विद्युतप्रवाह जास्त घ्यावा लागतो. घरच्या सवयीने ओढलेली बारीक तार होडीवर निरुपयोगी ठरते ती यामुळे.

हिशेबच करून पाहू. बॅटरीपासून पंप सहा मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर तार लागते. पंप सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतो. दिव्यांसाठी वापरतात ती १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली तर सुमारे १.४५ व्होल्ट तारेतच खर्च होतात, म्हणजे जवळजवळ १२ टक्के. त्याच जागी ६ चौरस मिलिमीटरची तार घातली तर ही घट सुमारे ०.३७ व्होल्टवर, म्हणजे तीन टक्क्यांवर येते. पंप व मार्गदर्शक दिवे यांच्यासाठी तीन टक्क्यांपेक्षा अधिक घट होऊ देऊ नये, असा जाणकारांचा संकेत आहे. जुन्या पद्धतीच्या तंतूच्या दिव्यात तर दाब दहा टक्क्यांनी घटला की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. समुद्रावरील टक्करी टाळण्यासाठी केलेल्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १२ मीटरपेक्षा लहान नौकेचे डावीकडचा लाल व उजवीकडचा हिरवा हे दिवे किमान एक सागरी मैलावरून दिसले पाहिजेत. बारीक तारेवरचा मिणमिणता दिवा ही अट कशी पुरी करणार?

आता दोष शोधण्याविषयी. येथे जी गफलत नेहमी होते ती सांगतो. पंप मंद चालतो अशी तक्रार येते. तपासणारा पंपाची तार सोडवितो, मोकळ्या टोकांना मीटर लावतो, मीटर १२.४ व्होल्ट दाखवितो आणि तो निदान करतो की, पुरवठा ठीक आहे, पंपच खराब आहे. नवा पंप येतो आणि तोही मंदच चालतो. कारण साधे आहे. तारेतून प्रवाह वाहत नसेल तर दाबाची घटही होत नाही. गंजलेल्या सांध्यातूनही मीटरला पूर्ण दाब दिसतो. म्हणून मोजणी नेहमी पंप चालू ठेवूनच करावयाची.

समजा, पंप चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १२.४ आणि पंपाच्या टोकांवर १०.२ व्होल्ट आढळले. २.२ व्होल्ट वाटेत हरवले. आता मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर व दुसरे पंपाच्या धन टोकावर लावावे. तेथे १.५ व्होल्ट दिसले आणि ऋण बाजूला तसेच मोजून ०.७ दिसले, तर ऋण बाजूची घट तारेच्या बारीकपणाचीच आहे. धन बाजूला मात्र ०.८ व्होल्टचा जादा चोर लपला आहे. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर तसेच ठेवून दुसरे टोक सांध्यासांध्याने पुढे सरकवीत जावे. आकडा ज्या ठिकाणी एकदम उडी मारतो, तेथे फ्यूजची हिरवी पडलेली बैठक किंवा काळ्या पट्टीखाली कुजलेला पीळ सापडतो. दहा अँपिअर प्रवाहाला ०.८ व्होल्टची घट म्हणजे त्या एका ठिपक्यावर आठ वॅट उष्णता होय. प्रथम पंप मंदावतो, नंतर त्याच जागी प्लॅस्टिक वितळू लागते.

सुधारणा करताना तार अनेक बारीक धाग्यांची व शक्य तर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्यावी. घरगुती एकसंध तार होडीच्या सततच्या हादऱ्यांनी आतल्या आत तुटते. सांधा पीळ देऊन नव्हे, तर योग्य पक्कडीने लग दाबून करावा व त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. तार उपकरणात शिरण्यापूर्वी तिला खाली थोडा झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी झोळातून ठिबकून जाते. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात असावा. फ्यूज हा तारेचे रक्षण करतो; बॅटरी आणि फ्यूज यांमधील तारेला कोणाचेच संरक्षण नसते, आणि साधी मोटारीची बॅटरीदेखील आडतार झाल्यास शेकडो अँपिअर प्रवाह देते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी तारेचा तुकडा गुंडाळणे म्हणजे लाकडी वा फायबरच्या होडीत चूल पेटवून ठेवणे होय. स्वयंचलित पंपाला त्याचा स्वतंत्र फ्यूज देऊन मुख्य खटक्याच्या अलीकडून जोडावे, म्हणजे रात्री सर्व बंद करून नावाडी घरी गेला तरी पंप जागा राहतो.

शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. तेव्हा बॅटरीची पेटी वरून खुली हवेशीर असावी व बॅटरी पट्ट्याने जखडलेली असावी.

ग्रामपंचायत सदस्यांनी पुढील मुद्दा विशेष लक्षपूर्वक ऐकावा, कारण तो धक्क्याचा आहे. रात्री बॅटरी भरण्यासाठी धक्क्यावरील खांबावरून २३० व्होल्टची तार होडीत नेली जाते. त्या तारेचे आवरण फाटले अथवा चार्जर बिघडला, तर वीज होडीभोवतालच्या पाण्यात उतरते. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात हा धोका अधिक असतो, हे ऐकून आश्चर्य वाटेल. खारे पाणी माणसाच्या शरीरापेक्षा चांगले वाहक असल्याने प्रवाह बव्हंशी शरीराला वळसा घालून जातो; गोड्या पाण्यात शरीरच अधिक सोयीचा मार्ग ठरते. थोड्याशा प्रवाहाने स्नायू आखडतात आणि उत्तम पोहणाराही बुडतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते केवळ बुडणे वाटते. यास्तव धक्क्यावरील प्रत्येक जोडणीस ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर पुरवठा तोडणारा आर. सी. सी. बी. बसविलाच पाहिजे, त्याची चाचणी-कळ दरमहा दाबून पाहिली पाहिजे, आणि तार जोडलेली असताना होडीजवळ पोहण्यास मनाई करणारी पाटी लावली पाहिजे. धरणाच्या जलाशयावरील गावांना हे आधी लागू आहे. खाडीतील नौकामालकांपुढे निराळा प्रश्न असतो : तळाच्या खाऱ्या पाण्यात बुडालेल्या उघड्या सांध्यातून झिरपणारी वीज पंखा व दांडा यांचा धातू भराभर खाऊन टाकते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. १९१७ च्या अधिनियमाच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला असून त्यात यांत्रिक जलयानांची तपासणी व नोंदणी यांची तरतूद आहे. पण तपासणी होते त्या दिवशी. नंतर हौसेने रंगीत दिव्यांच्या माळा लागतात, ध्वनिवर्धक येतो, प्रवाशांच्या भ्रमणध्वनीसाठी चार्जिंगची बटणे येतात आणि हे सर्व पूर्वीच्याच तारेवर लोंबकळते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ २ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे ‘कन्सेप्शन’ या नौकेला आग लागून ३४ जणांचा मृत्यू झाला. नौका जळून बुडाल्याने आगीचे नेमके कारण ठरविता आले नाही. परंतु रात्रीची गस्त नव्हती, हे चौकशीत स्पष्ट झाले.

शिक्षकांनी सहलीच्या वेळी मीटर घेऊन जावे असे माझे म्हणणे नाही. मुलांना बसविण्यापूर्वी नावाड्याला पंप चालवून दाखविण्यास सांगावे आणि परतण्यास सायंकाळ होणार असेल तर दिवे लावून दाखविण्यास सांगावे. चांगला नावाडी त्याचा राग मानणार नाही.

कोकणात पावसाळ्यात होड्या काठावर ओढून ठेवलेल्या असतात. या कामाला तोच काळ उत्तम. बॅटरी घरी आणून महिन्यातून एकदा भरावी. काही तास विश्रांतीनंतर १२.७ व्होल्टच्या आसपास दाखविते ती भरलेली, १२.२ दाखविते ती निम्मी रिकामी. नारळी पौर्णिमेपूर्वी प्रत्येक सांधा उघडून घासून पुन्हा बसवावा आणि कोणती तार कोठे जाते याचा नकाशा काढून बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावा.

समोरच्या टेबलावर एक बॅटरी, एक पंप व दोन जाडीच्या तारा मांडून ठेवल्या आहेत. त्यांतील एका तारेत मुद्दाम गंजलेला सांधा घातला आहे. भाषणानंतर प्रत्येकाने पुढे येऊन तो मीटरने शोधून काढावा, अशी माझी विनंती आहे.