पुण्याच्या बसमधली सावड
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून कापसाचा भाव आणि विजेची बिले यांवर बोलणे झाले. मी पाच मिनिटे बसगाडीवर बोलणार आहे. हसू नका. पुण्याला जाणे कुणाला चुकलेले नाही. कुणी कृषी आयुक्तालयात अर्ज घेऊन जातो, कुणी ससूनला बाप घेऊन जातो, कुणाची पोर तिथे शिकते. स्वारगेटला उतरले की पहिली गाठ शहराच्या बसशी.

ही बस १९५० पासून पीएमटीची होती. २००७ साली पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली. नाव बदलले, गर्दी तीच. कंडक्टर एका टोकाला, आपण दुसऱ्या टोकाला अडकलेले. मग माणूस नोट शेजारच्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "एक ससून." नोट सहा-सात हातांतून जाते. तिकीट आणि सुट्टे पैसे त्याच हातांतून परत येतात. पावती नाही, जामीन नाही. व्यापाऱ्याच्या काट्यावर कापूस चढला की आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. इथे अनोळखी माणसांवर भरवसा ठेवतो आणि तो सहसा फुकट जात नाही.

मी एकदा पाहिले. धोतर नेसलेला म्हातारा, हातात एक्स-रेचे पाकीट, मांडीवर भाकरीचे गाठोडे. ससूनचा थांबा मागे गेला हे त्याला कळले तेव्हा उशीर झाला होता. एक कॉलेजची मुलगी त्याच्याबरोबर खाली उतरली, त्याला रस्ता ओलांडून दिला, उलट दिशेच्या बसमध्ये बसवले आणि कंडक्टरला सांगितले, "आजोबांना ससूनला उतरवा." तिची बस निघून गेली होती. म्हाताऱ्याने तिचे नावही विचारले नाही, तिनेही त्याचे गाव विचारले नाही.

आपल्याकडे याला शब्द आहे. कुठे सावड म्हणतात, कुठे वारंगुळा. आज तुझी पेरणी, उद्या माझी. पण सावडीत हिशेब असतो, फेड त्याच घरी होते. बसमधल्या उपकाराची फेड त्या माणसाला करता येत नाही, कारण तो पुन्हा भेटत नाही. ती तिसऱ्याच माणसाला करावी लागते.

हा तिसरा माणूस कोण? आपल्याच एसटीत तो रोज चढतो. तान्हे पोर घेतलेली ऊसतोड बाई असते. कापूस वेचायला मध्य प्रदेशातून आलेले मजूर असतात, त्यांना आपले फाटे माहीत नसतात. पुण्यात आपण जसे बावरतो, तसे ते इथे बावरतात. त्यांना जागा करून द्यायची की सीटवर पोते ठेवून खिडकीबाहेर बघायचे, हे आपण ठरवायचे.

मात्र एक घोटाळा करू नका. माणुसकीने जागा मिळते, गाडी मिळत नाही. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर धावली. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा गाडी नसणे म्हणजे काय ते खेड्याला कळले. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीत तिकीट नाही, २०२३ च्या मार्चपासून बायांना अर्धे तिकीट आहे. चांगले झाले. पण गावाला गाडीच आली नाही तर सवलत कसली? फेरी बंद पडली तर शेजाऱ्याची मोटारसायकल एक दिवस कामी येईल, रोज नाही. शेजारधर्माच्या आड सरकारला लपू देऊ नका.

तेव्हा दोन कामे. ज्या गावाची फेरी बंद आहे, त्या गावाने आगारप्रमुखाच्या नावाने अर्ज लिहून जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे द्यावा. आणि संध्याकाळी परतताना गाडीत कुणी उभे असेल, तर आपले गाठोडे मांडीवर घ्यावे.