चेहऱ्याआधी आवाज

चित्रपट ही मुख्यत्वे डोळ्यांनी आस्वादण्याची कला. परंतु क्लॉड रेन्स या इंग्रज नटाला तीत पहिली कीर्ती लाभली, ती चेहरा न दाखविता!

सन १८८९ मध्ये लंडनच्या एका गरीब घरात जन्मलेल्या या मुलाला ‘र’चा उच्चार जमत नसे; स्वतःचे आडनाव सांगतानाही त्याची जीभ अडखळे. तो नाटकगृहात पडेल ते काम करी. तेथील थोर नट हर्बर्ट बीरबोम ट्री यांनी त्याचा गुण हेरला आणि उच्चारशिक्षणाचा खर्च स्वतः सोसला. पुढे पहिल्या महायुद्धात विषारी वायूने रेन्स यांच्या एका डोळ्याची दृष्टी बहुतांशी हिरावली. कमावलेली वाणी मात्र शाबूत राहिली. लंडनच्या नाट्य अकादमीत त्यांनी अध्यापन केले. जॉन गिलगुड हे त्यांचेच विद्यार्थी.

सन १९३३ मध्ये ‘द इन्व्हिजिबल मॅन’ हा बोलपट आला. त्यात नायकाचा चेहरा कधी पट्ट्यांत गुंडाळलेला, कधी मुळीच नाही. तो उघडा दिसतो केवळ अखेरच्या क्षणी. तोवर सारा अभिनय वाणीचाच. त्या वेळी रेन्स चाळिशी ओलांडून गेले होते.

त्यानंतर ते बहुधा नायकाच्या शेजारीच उभे राहिले. ‘कॅसाब्लांका’मधील त्यांचा लाचखाऊ परंतु मिस्कील पोलीस अधिकारी रसिक आजही विसरलेले नाहीत. साहाय्यक भूमिकांसाठी ऑस्करकरिता चार वेळा त्यांचे नाव सुचविले गेले. पारितोषिक एकदाही मिळाले नाही. सन १९६७ मध्ये ते निवर्तले. ज्या वाणीची एके काळी लाज वाटावी, तीच त्यांची खरी मिळकत ठरली.