मातीची ओढ
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आम्ही बँकेत कारकून. तेव्हा भरती परीक्षेवर बोलावे, अशी कार्यकर्त्यांची अपेक्षा होती. पण आज आम्ही कुंभारकामाविषयी बोलणार आहोत. आपल्या वसाहतीतील एका मुलाला बारावीनंतर जे. जे. कला महाविद्यालयात सिरॅमिक्स शिकायचे आहे. त्याचे वडील आम्हाला म्हणाले, "भाऊ, मातीतच हात घालायचे होते, तर याला शिकवला कशाला?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जन्माने गळ्यात पडलेली कामे वाडवडिलांनी टाकली, म्हणून आपण आज खुर्चीवर बसलो. जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात मांडले. माणसाचा कल न पाहता जन्मावरून धंदा ठरवणे, हा त्यांचा आक्षेप होता. मातीवर त्यांचा राग नव्हता.

बोरिवलीहून विरारची गाडी धरली की दहिसर, मीरा रोड आणि मग भाईंदर. हे भाईंदर ब्रह्मदेव राम पंडित यांची कर्मभूमी. मूळचे बिहारच्या नवादा जिल्ह्यातले, पारंपरिक कुंभार घरातले. चाक त्यांना जन्माने मिळाले, हे खरे. पण गाडगी-मडकी करून ते थांबले नाहीत. स्टोनवेअर आणि ग्लेझ, म्हणजे भांड्यावरची काचेसारखी झिलई, यांत त्यांनी आयुष्य घातले. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे चिरंजीव अभय पंडित हेही याच कलेत नावारूपाला आले.

यात शिकण्यासारखे काय, असे कुणी म्हणेल. माती आधी कणकेसारखी मळावी लागते. आत हवा राहिली तर चाकावर भांडे नीट घडत नाही. मग गोळा चाकाच्या मध्यावर आणायचा. नवशिक्याचे दिवसच्या दिवस इथेच जातात, कारण हात जरा हलला की गोळा भेलकांडतो. सुकवण्याची घाई केली तर तडा. स्टोनवेअरची भट्टी सुमारे १२०० ते १३०० अंश सेल्सिअसपर्यंत चढवावी लागते. त्यात गंमत अशी, की झिलईत थोडे लोह असेल आणि भट्टीत हवा कमी ठेवली, तर हिरवट छटा येते. लोह वाढवले की तपकिरी-काळा रंग. हे रसायनशास्त्रच आहे, मित्रहो! आणि एवढे करूनही भट्टी उघडेपर्यंत काय निघेल ते सांगता येत नाही. तरीही माणूस पुन्हा माती मळायला बसतो. या ओढीला पगाराच्या हिशेबात बसवणे आम्हाला जमलेले नाही.

मज्झिम निकायात एक प्रसंग आहे. राजगृहात भगवान बुद्ध भग्गव नावाच्या कुंभाराकडे गेले आणि त्याच्या कामाच्या जागेत एक रात्र राहू का, असे त्यांनी त्याला विचारले. तिथे आधीच एक प्रव्रजित उतरला होता. भग्गव म्हणाला, त्याची हरकत नसेल तर खुशाल राहा. त्या वडिलांना आम्ही हा प्रसंग सांगितला. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण पोट भरेल का?" याची हमी आम्ही दिली नाही. देता येतही नाही. बँकेतल्या कारकुनाने खोटी आश्वासने देऊ नयेत. मुलाची निवड त्याची आहे, एवढेच म्हणालो.

मागच्या आठवड्यात ते प्रवेशाच्या फीची चौकशी करून आले. कपाळावरची आठी गेलेली नाही. मुलाने एका शिबिरात केलेले पहिले भांडे आमच्या काउंटरवर आहे. एका बाजूला कललेले. आम्ही त्यात पेने ठेवतो.