यदृच्छेचा हिशेब



आमचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पुढचे सारे मोंढ्यात आणि वाचनालयात झाले. तेव्हा पदार्थविज्ञानावर बोलणे हे धाडसच. पण हा विषय आमच्याकडे एका अपघाताच्या वाटेने आला. पोत्यांची थप्पी कोसळून आमचा एक हमाल सोबती जायबंदी झाला. “त्याचे नशीब,” एवढे बोलून मालक मोकळे झाले. पावसाची वाट पाहणाऱ्या आपल्या धाराशिवात हा शब्द रोजचाच. आम्ही मात्र त्याचा पिच्छा पुरवला.

पाण्यातला सूक्ष्म कण सारखा थरथरत असतो. पाण्याचे रेणू त्याला चहूंकडून धक्के देतात. पुढचा धक्का कोठून येईल, हे सांगता येत नाही. तरीही आइन्स्टाइन यांनी १९०५ साली त्याचा हिशेब मांडला : वेळ चौपट झाला, की कण सरासरीने दुप्पट दूर जातो.

येथे निदान धक्का देणारा तरी आहे. अणूच्या गाभ्यात तोही सापडत नाही. रेडियमचा एखादा अणू आज फुटेल की दहा हजार वर्षांनी, हे पुंजवादही सांगत नाही. पण ढिगातले निम्मे अणू सुमारे १६०० वर्षांत फुटतात, हे ठरलेले. एकाचे अनिश्चित, समुदायाचे निश्चित!

इतिहासकार म्हणून आपणांस परिचित असलेले, गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गणिती. १९४३ साली, पुण्यात शिकवीत असताना, त्यांनी दाखवले, की यदृच्छेने हेलकावणारी रेषा ठराविक आकारांच्या लाटांत फोडता येते. आकार ठरलेले, प्रत्येकाचा वाटा किती, एवढेच यदृच्छेचे. पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हेच मांडले आणि नाव त्यांचे रूढ झाले. कष्ट एकाचे, नाव दुसऱ्याचे. हे आम्हां कामगारांना नवे नाही.

ठरलेले कोणते आणि यदृच्छेचे कोणते, ही फोड आम्हीही एका वहीत केली. ज्या दिवशी थप्पी उंच, त्या दिवशी अपघात अधिक. खाली कोण सापडेल, ही यदृच्छा खरी. पण थप्पी किती उंच रचायची, हे यदृच्छा ठरवीत नव्हती, माणूस ठरवीत होता. ती उंची उतरवून घेण्यास आम्हांस दोन हंगाम भांडावे लागले.

आता कोणी ‘नशीब’ म्हणाले, की आम्ही वाद घालीत नाही. वही पुढे करतो.