समुद्रावरचे रसदवाले

सैन्य पोटावर चालतें, ही म्हण जुनी आहे. परंतु लढायांच्या वर्णनांत पोटाची हकीकत क्वचितच येते. तलवार कोणीं चालविली हें पोवाड्यांत राहतें. दाण्याचें पोतें कोणीं पोंचविलें हें राहत नाहीं. पानिपतावर रसद तुटल्यावर काय झालें, हें मराठी घरांत नव्यानें सांगावयास नको. जी गोष्ट जमिनीवरील फौजेची, तीच समुद्रावरील आरमाराची. आणि तेथें तर वाटेंत गांव नाहीं, बाजार नाहीं, विहीरहि नाहीं. अशा ठिकाणीं निकडीची रसद पोंचविण्यासाठीं अमेरिकन आरमारानें विमानांचीं जीं खास पथकें उभारलीं, त्यांच्या कामाची श्रोत्यांस ओळख करून देणें, हा या भाषणाचा हेतु आहे.

अमेरिकेची मोठी विमानवाहू नौका म्हणजे एक तरंगतें गांवच होय. तिच्यावर सुमारें पांच हजार माणसें राहतात. तिचीं यंत्रें अणुशक्तीवर चालतात, त्यामुळें स्वतःच्या इंधनासाठीं तिला वीस वीस वर्षें कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं. परंतु अणुशक्तीनें माणसांचीं पोटें भरत नाहींत व विमानांच्या टांक्याहि भरत नाहींत. धान्य, भाजीपाला, दारूगोळा आणि विमानांचें तेल हा जड माल रसदेचीं जहाजें आणतात, आणि दोन्ही जहाजें शेजारीं शेजारीं चालत असतांना दोर व नळ लावून तो नौकेवर घेतला जातो. पण असें जहाज रोज येत नाहीं, आणि निकड तर वेळ पाहून येत नाहीं. एखाद्या लढाऊ विमानाचा सुटा भाग आजच हवा असतो; एखादा आजारी खलाशी आजच किनाऱ्यावरील रुग्णालयांत न्यावयाचा असतो; कोणाच्या घरून वडील वारल्याचा निरोप आलेला असतो. हीं कामें विमानानेंच व्हावयाचीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथम ह्या कामास जुनीं मोडींत निघालेलीं साधनें जुंपण्यांत आलीं. ‘ॲव्हेंजर’ नांवाचीं पाणतीर टाकणारीं विमानें होतीं. त्यांतील शस्त्रें काढून तेथें उतारूंसाठीं आसनें बसविलीं. काल जें विमान शत्रूचीं जहाजें बुडवीत होतें, तेंच आज स्वकीयांस टपाल वाटूं लागलें! पुढें ‘ट्रेडर’ हें नऊ उतारूंचें विमान आलें. त्याचें पहिलें उड्डाण १९५५ सालीं झालें आणि १९८८ पर्यंत त्यानें इमानानें सेवा केली. या दोहोंनंतरचें आणि सर्वांत अधिक नांवाजलेलें विमान म्हणजे ‘ग्रेहाउंड’. त्याचें पहिलें उड्डाण १८ नोव्हेंबर १९६४ रोजीं झालें, व १९६६ पासून तें आरमाराच्या सेवेंत दाखल झालें. दोन एंजिनें, रुंद पोट आणि मागें उघडणारा उतरता दरवाजा, असा त्याचा घाट आहे. सुमारें साडेचार हजार किलोग्रॅम माल, किंवा सव्वीस उतारू, एवढा त्याचा आवांका.

हीं विमानें चालविणाऱ्या पथकांपैकीं दोन विशेष प्रसिद्धीस आलीं. अटलांटिक किनाऱ्यावर नॉरफोक येथें १९६० सालीं स्थापन झालेलें ‘रॉहाइड्स’ हें एक. आणि पॅसिफिक किनाऱ्यावर सॅन डिएगो येथील ‘प्रोव्हायडर्स’, म्हणजे पुरवठा करणारे, हें दुसरें. नौका सफरीस निघाली कीं पथकांतील दोन विमानांची एक तुकडी तिच्याबरोबर निघे, आणि जेथून नौका टप्प्यांत राहील अशा एखाद्या किनाऱ्यावरील तळावर मुक्काम करी. नौका पुढें सरकली कीं तुकडीचें बिऱ्हाडहि पुढें सरके.

आतां प्रत्यक्ष उतरणें कसें होतें तें पाहूं. किनाऱ्यावरील धावपट्टी कोसभर लांब असली तरी चालते. नौकेवर मात्र उतरावयास मिळते ती चिंचोळी पट्टी, आणि ती समुद्राबरोबर वरखालीं होत असते. तीवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. विमानाच्या शेपटीखालीं एक आंकडा असतो. तो यांपैकीं एका तारेंत अडकला कीं ताशीं दीडदोनशें किलोमीटर वेगानें आलेलें विमान सुमारें शंभर मीटरांत जागच्या जागीं उभें राहतें. गंमत अशी कीं, चाकें टेकतांच वैमानिक वेग कमी न करतां उलट एंजिनांस पूर्ण जोर देतो. कारण आंकडा सर्व तारा चुकवून गेला, तर पुनः आकाशांत उडण्यावांचून दुसरा मार्ग उरत नाहीं. पुढें केवळ पाणी असतें.

उतारूंना यांतील कांहींच दिसत नाहीं. खिडक्या जवळजवळ नाहींतच. आणि सर्व आसनें शेपटीकडे तोंड करून बसविलेलीं असतात, म्हणजे थांबतांनाचा हिसका पाठीला सोसतो. डोक्यावर टोप, डोळ्यांवर चष्मा, अंगांत तरंगणारें जाकीट आणि खांद्यावरून ताणलेले पट्टे, अशा थाटांत ते अंधारांत बसून राहतात. हिसक्यापूर्वीं मागील कर्मचारी हात हालवून ओरडतो, तेवढीच सूचना. परत निघतांना याच्या उलट अनुभव येतो. नौकेवरील वाफेचें यंत्र गोफणींतील दगडाप्रमाणें विमानास दोनतीन सेकंदांत आकाशांत फेंकतें, आणि उतारू पट्ट्यांवर पुढें लोंबकळतात.

एवढ्या खटाटोपानें जें येतें, त्यांत सर्वांत हलकी वस्तु सर्वांत मोलाची ठरते; ती म्हणजे टपाल. बिनतारी यंत्रांनीं निरोप क्षणांत पोंचूं लागले आहेत हें खरें. परंतु आईनें स्वहस्तें बांधलेलें पुडकें बिनतारी यंत्रांतून येत नाहीं. म्हणूनच टपालाच्या पिशव्या उतरत असतां तेथें मदतीस हात कमी पडत नाहींत.

मात्र हें काम शस्त्रांवांचूनचें आहे म्हणून तें निर्धोक आहे, असें कोणीं समजूं नये. २ ऑक्टोबर १९६९ रोजीं व्हिएतनाम युद्धाच्या काळांत फिलिपाइन्समधील क्युबी पॉइंट येथून ‘कॉन्स्टेलेशन’ नौकेकडे निघालेलें ग्रेहाउंड टाँकिनच्या आखातांत पडलें, आणि आंतील सव्वीसहि जण गेले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजीं ‘प्रोव्हायडर्स’चें एक विमान जपानमधील इवाकुनी तळावरून ‘रोनाल्ड रेगन’ नौकेकडे अकरा जणांस घेऊन चाललें होतें. वाटेंत एंजिनांनीं दगा दिला. वैमानिकानें तें जड विमान फिलिपाइन समुद्राच्या पृष्ठावर अशा रीतीनें टेकविलें कीं, आठ जणांस बाहेर पडतां आलें व नौकेवरील हेलिकॉप्टरांनीं त्यांना उचलून घेतलें. राहिलेल्या तिघांत तो वैमानिक स्वतः होता. पुढें २०१९ सालीं आरमारानें सुमारें ५,६४० मीटर खोलीवरून तें विमान वर काढलें. ज्यांच्या नांवानें पोवाडे होत नाहींत, त्यांनाहि समुद्र वेगळें लेखीत नाहीं.

ग्रेहाउंडचें वय होत गेलें आणि कामहि बदललें. एफ-३५ या नव्या लढाऊ विमानाच्या एंजिनाचा मुख्य भाग त्याच्या पोटांत मावेना. म्हणून ‘ऑस्प्रे’ या यंत्राची निवड झाली. हें पंखे वर करून उभ्यानें उतरतें आणि पंखे पुढें वळवून विमानासारखें उडतें. त्यास ना तार लागते, ना गोफण. २०२१ सालीं तें ‘कार्ल विन्सन’ नौकेबरोबर पहिल्या सफरीस गेलें, आणि २०२३ सालीं ‘प्रोव्हायडर्स’ पथकाचें विसर्जन झालें. परंतु त्याच वर्षीं २९ नोव्हेंबरला जपानजवळ हवाई दलाचें एक ऑस्प्रे पडून आठ जण मृत्युमुखीं पडले, आणि डिसेंबरपासून मार्च २०२४ पर्यंत सर्वच ऑस्प्रे जमिनीवर बसविण्यांत आलीं. तेव्हां नौकांची निकड भागविण्याचा भार कोणावर आला? निवृत्तीची तारीख ठरलेल्या त्याच जुन्या ग्रेहाउंडवर, आणि तीं अद्याप बाळगून असलेल्या ‘रॉहाइड्स’ पथकावर!

नवें यंत्र आणूं नये, असा याचा अर्थ नव्हे. जें मावत नाहीं तें वाहून नेण्यास दुसरें वाहन शोधावेंच लागतें. परंतु जुन्या सेवकास निरोप देण्यापूर्वीं नव्याची पुरती परीक्षा झालेली असावी, एवढें शहाणपण यांतून घेण्यासारखें आहे; आणि तें आरमारापुरतेंच खरें आहे असें नाहीं. रसदवाल्याचें काम नीट चाललें असतां कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तें एक दिवस थांबलें, म्हणजे मग सर्व मोठ्या गोष्टी त्याच्यावर उभ्या होत्या, हें कळून येतें.