चतकोर पोळी



मे महिन्यात वाशिम जिल्ह्याच्या रस्त्यांवर दोन गाड्या हमखास भेटतात. एक वऱ्हाडाची, दुसरी पाण्याच्या टँकरची. कधी दोन्ही एकाच मंगल कार्यालयाच्या फाटकातून आत शिरतात.

जेवणं आटोपली की कार्यालयाच्या मागं एक चक्कर मारा. टबात वरण, भात, वांग्याची भाजी, आणि वर पोळ्या. एखादा घास तोडलेल्या, काही तर अख्ख्या. सांडलेलं वरण डोळ्यांना सलतं, कोरड्या पोळीचं कोणाला काही वाटत नाही. आज मला तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

आपली तूर, आपलं सोयाबीन बहुतेक पावसावर येतं. गव्हाचं तसं नाही. नोव्हेंबरात पेरला की चांगल्या पिकासाठी पाच-सहा वेळा ओलीत करावं लागतं. विहिरीतून, बोअरमधून, पैनगंगेच्या काठी असाल तर नदीतून. थ्री फेजची पाळी रात्रीची आली, तर कडाक्याच्या थंडीत हातात बॅटरी घेऊन बांधावर उभं राहायचं. मोटार चालते ती वीज बरीचशी कोळशाची. वर युरिया, तो नैसर्गिक वायूपासून बनतो. जगाची सरासरी धरली तर किलोभर गव्हामागे सुमारे 1,800 लिटर पाणी लागतं. किलोच्या तीस पोळ्या धरा. एका पोळीला साठ लिटर, म्हणजे चार बादल्या! यात पावसाचंही पाणी आलं, हे खरं. पण आपल्याकडे हिवाळ्यात पाऊस असतो किती? जानेवारीत उपसलेलं तेच पाणी मे महिन्यात टबात पडतं, आणि टँकर बाहेर उभा असतो.

पुढं हे उष्टं कचऱ्याच्या ढिगात दबलं, हवा लागेनाशी झाली, की त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट उष्णता धरतो. पळसाच्या पत्रावळी होत्या तेव्हा उष्टं पत्रावळीसकट उकिरड्यावर जाई, त्याचं खत होई. आता त्यात प्लॅस्टिकचे ग्लास आणि चकचकीत द्रोण मिसळलेले असतात.

लग्नवाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं साठ टक्के घराघरांतलं. शिळ्या पोळीचा कुस्करा आपल्या घरात शेवटचा कधी झाला, आठवून पाहा.

पंगतीत आग्रह फार, हे कबूल. पण वाढपी वाकून विचारायचा, "अर्धी वाढू का?" पाहुणा म्हणायचा, "चतकोर द्या." त्याहून कमी हवी तर नितकोर. बुफेच्या टेबलावर पोळ्या अख्ख्याच रचून ठेवलेल्या असतात.